सोसायटीच्या पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात कुठलं फुलझाड टिकेल? (मुंबई)

पागोळी | १४ मे, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही चारकोपला राहतो. सोसायटीत पंपरूमच्या मागे, कंपाउंड वॉलला लागून साधारण बारा फूट बाय सहा फुटांची मातीची पट्टी आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. जोराचा पाऊस झाला की घोट्यापर्यंत, आणि ओसरायला कधी कधी दोन दिवस. भरती आणि पाऊस एकत्र आले तर गटारातूनच उलटं पाणी वर येतं.

मागच्या कमिटीने तिथे जास्वंदी लावल्या होत्या, त्या पहिल्याच पावसाळ्यात गेल्या. मग एक्झोरा लावला. तो जगलाय, पण पानं पिवळी आणि फुलं नावाला. आता सेक्रेटरींचं म्हणणं असं की पेव्हर ब्लॉक टाकू, दोन बाइक उभ्या राहतील. जनरल बॉडीची मीटिंग जूनच्या पहिल्या रविवारी आहे. त्याआधी मला ठोस काहीतरी सुचवायचंय.

अटी: फुलं हवीत, काटे नकोत (मुलं तिथेच क्रिकेट खेळतात), ऊन दुपारी बारा ते चार, माळी पंधरवड्यातून एकदा येतो, आणि खर्च शेकड्यांत बसायला हवा.

बोरकूट | १४ मे, रात्री १०:२०

कर्दळ. धागा बंद करा.

वसईची वेणी | १४ मे, रात्री ११:०५

कर्दळ कशाला, सोनटक्का लावा! ओल्या जमिनीत सोनटक्क्यासारखं दुसरं काही नाही. आमच्या माहेरी विहिरीच्या पन्हाळीला सोनटक्क्याचं बेटच होतं. श्रावण लागला की कळ्या, आणि गौरी-गणपतीत तर इतकी फुलं की शेजारीपाजारी वाटून उरायची. कळ्या दुपारी काढायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या, संध्याकाळी त्या आपोआप उमलतात. दादरच्या फूलबाजारात अजूनही त्या दिवसांत पानात गुंडाळलेले जुडगे मिळतात, पण भाव ऐकून नुसता वास घेऊन पुढे जायचं.

शास्त्रोक्त माहिती हवी असेल तर हा आल्या-हळदीच्या कुळातला. मूळचा पूर्व हिमालयाकडचा, आणि राष्ट्रीय फूल मात्र क्युबाचं! तिथे त्याला मारिपोसा म्हणतात. हवाई बेटांवर ओढ्याकाठी इतका माजलाय की तिथे तो तण समजला जातो. म्हणजे ओल्या जमिनीत किती जोमाने वाढतो बघा. कंद फुकट मिळतात, कुणाकडेही मागा.

पागोळी | १४ मे, रात्री ११:३१

वेणीताई, सोनटक्का मलाही प्राणप्रिय आहे. पण तो झुडूप नाही ना? आणि दुपारचं बारा ते चारचं ऊन?

वसईची वेणी | १४ मे, रात्री ११:४०

झुडूप नाही, कंद. पण फुललेलं बेट बघून कोण विचारतंय! उन्हाचं मात्र खरं आहे, पानं करपतील.

मुळाक्षर | १५ मे, सकाळी ७:१८

पागोळी, आधी जास्वंद का गेली ते बघू, म्हणजे पुढची निवड नीट होईल.

मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळं ती हवा वापरतात. पाणी साचलं की पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळं गुदमरतात. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे झाड पाण्यात उभं असून सुकल्यासारखं माना टाकतं. मग कुणीतरी दयाळू माणूस बादलीभर पाणी आणखी ओततो. जास्वंदीला हे दोन दिवसही सोसत नाही, मागून बुरशी येते आणि खोड जमिनीलगत कुजतं.

एक्झोऱ्याचं दुखणं वेगळं असावं. पान जवळून बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह मिळत नाहीये. एक्झोरा, म्हणजे आपला बकोरा, आम्ल मातीतला. कंपाउंड वॉलच्या पायाशी प्लास्टरचे तुकडे, सिमेंट, चुना पडलेला असतो, त्याने माती अल्कधर्मी होते. मातीत लोह असतं, पण त्या स्थितीत झाडाला ते घेता येत नाही. पाण्याचा यात फारसा दोष नाही.

आता खरा मुद्दा. कर्दळ आणि सोनटक्का सुचवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गावची न्हाणी आहे. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, अळू, केळ, सोनटक्का फोफावतात, कारण तिथे बाराही महिने, रोज पाणी पडतं. सोसायटीच्या पट्टीत जून ते सप्टेंबर तळं, आणि मार्चमध्ये कुदळ मारली तर ठिणगी उडेल. वर्षभर ओल मागणारं झाड मे महिन्यात मरेल आणि कोरडं मागणारं जुलैत. दोन्ही सोसणारी झाडं कमी आहेत. त्यांची नावं आठवून सांगतो, आता लोकल पकडायची आहे.

बोरकूट | १५ मे, सकाळी ७:४५

कर्दळीला माळी पाणी घालेल की.

पागोळी | १५ मे, सकाळी ८:०२

माळी पंधरवड्यातून एकदा येतो हो. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. झाडांना पाणी म्हटलं की मीटिंगमध्ये माझंच झाड करतील.

टपोरी मोगरा | १५ मे, दुपारी १:१०

रातराणी? वास काय, अहाहा.

सातबारा | १५ मे, दुपारी १:२२

रातराणीला साप येतात.

टपोरी मोगरा | १५ मे, दुपारी १:२५

साप उंदरांमागे येतात हो, वास घ्यायला नाही. चारकोपला आधी घुशींचा बंदोबस्त करा, साप आपोआप कमी होतील.

सातबारा | १५ मे, दुपारी १:४०

ते ठीक, पण रातराणीही पाण्यात उभी राहणारी नव्हे. माझं मत कण्हेर. हायवेच्या दुभाजकावर मे महिन्यात बिनपाण्याची फुलते ती. आणि मुळाक्षर म्हणतात ते दोन्ही ऋतूंचं सोसणं कण्हेरीला जमतं, कारण ती मूळची कोरड्या नदी-ओढ्यांच्या पात्रातली. पूर आला की पाण्यात, गेला की दगडगोट्यांत.

डब्बेवाली | १५ मे, दुपारी ३:१५

मुद्दा चोख, पण मुलं खेळतात म्हटलंय ना. कण्हेरीचं पान, फूल, बी, काडी, सगळंच विषारी. हृदयावर परिणाम करणारं विष आहे ते, पोट बिघडवून सोडणारं नव्हे. क्रिकेटचा स्टंप म्हणून कण्हेरीची काडी छाटणारी मुलं मी पाहिली आहेत. दुभाजकावर शोभते, तिथेच राहू दे.

तगर कोणी कशी सुचवली नाही? एकेरी तगर, चांदणीसारखी. ओलसर जागेत बरी चालते. वर हिरवीगार, जाडजूड, डोक्यामागे दोन निळे डोळे असलेली अळी येते. मुलांना दाखवायला बेस्ट. मोठी झाली की तिचा सुंदर हिरवा पतंग होतो.

मुळाक्षर | १५ मे, रात्री ९:३०

तगर ओलसर जागेत चालते याला अनुमोदन. पण घोटाभर पाण्यात दोन दिवस? धोका आहे. उंचवटा करून लावली तर कदाचित. अळीबद्दल +१. तीच अळी कण्हेरीवरही वाढते, आपल्याला विष असलेलं तिला चालतं.

मुसांडाही मनात आला होता. आपल्या डोंगरातला मूळचा भूतकेस, पांढऱ्या पानाचा, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यात दिसतो. पण तो उताराच्या जमिनीतला, पाणी वाहून जातं तिथला. साचलेल्या चिकणमातीत त्याचं खरं नाही.

गोराई जेट्टी | १५ मे, रात्री १०:०५

पागोळी, तुम्ही चारकोपच्या ना? मग पाच मिनिटं चालत गेलात की खारफुटी. तिथे मारांडी आहे, निळ्या-जांभळ्या फुलांची. खाऱ्या चिखलात वाढते, तुमच्या कोपऱ्याला काय भिणार? दोन रोपं उपटून आणा, झालं काम.

खाडीकाठ | १५ मे, रात्री १०:४८

अहो जेट्टी, मारांडीची पानं बघितली आहेत का जवळून? कडांना काटे. क्रिकेटचा चेंडू आत गेला की मुलं रडत घरी. आणि खारफुटीतून काही उपटू नका, कुणाला सांगूही नका. उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशापासून तिथे तोड आणि भराव दोन्हींवर बंदी आहे. दोन रोपांनी काय होतं म्हणणारे आपल्याकडे खूप आहेत.

पण दिशा बरोबर आहे तुमची. उत्तर खाडीकाठीच आहे, फक्त मारांडीच्या एक पायरी वर. तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडं सरतात आणि घट्ट जमीन सुरू होते, तिथे उधाणाचं पाणी येतं आणि जातं. पावसात चिखल, उन्हाळ्यात मिठाचे पांढरे डाग. त्या पट्टीत जे झुडूप पसरलेलं असतं ते म्हणजे कोयनेल.

होय, तीच कोयनेल. जिची मेंदीसारखी चौकोनी कुंपणं शाळा, क्वार्टर्स, बागा, स्टेशनबाहेर सगळीकडे आहेत. वनजाईही म्हणतात. खारं पाणी चालतं, तुंबलेलं चालतं, नंतरचा दुष्काळही चालतो. पागोळी, तुमच्या गटारातून भरतीला जे वर येतं ते नुसतं पावसाचं पाणी नसणार, थोडं खारं असणारच. इथे सुचवलेली बाकी बरीचशी झाडं त्या खारेपणानेच मान टाकतील. काटे नाहीत. पानं इतकी कडू की शेळीही तोंड लावत नाही, म्हणूनच कुंपणाला लावायची पद्धत पडली.

बोरकूट | १५ मे, रात्री ११:००

कोयनेल?! पागोळीताईंनी फुलझाड मागितलंय. आमच्या शाळेला चारी बाजूंनी कोयनेल होती, दहा वर्षांत एक फूल पाहिलं नाही.

खाडीकाठ | १५ मे, रात्री ११:२६

कारण शाळेचा शिपाई दर पंधरा दिवसांनी कात्री घेऊन फिरायचा! कोयनेलीला फुलं येतात ती कोवळ्या फांदीच्या शेंड्याकडे, पानांच्या बेचक्यात. कुंपण सपाट ठेवायचं म्हणून नेमके तेच शेंडे कापले जातात. आपण शहरात कोयनेल बघतो ती सगळी हजामत केलेली. ते कुंपण म्हणूनच जन्माला येतं असं आपल्याला वाटायला लागलंय.

न कापलेली कोयनेल बघायची असेल तर थंडीत खाडीकाठच्या एखाद्या बांधावर संध्याकाळी जा. तीन-तीनच्या झुपक्यात पांढरी फुलं, लांब बारीक नळी, पाच पाकळ्या, आणि बाहेर लांब डोकावणारे जांभळट-लाल पुंकेसर. वास मंद, दिवस मावळल्यावर कळणारा. सोनटक्क्याइतका दरवळ नाही, वेणीताईंची क्षमा मागून. नळी लांब असल्यामुळे लांब सोंडेचे पतंग येतात. फळ पिकलं की त्याचे चार तुकडे होतात, हलके, बुचासारखे. ते पाण्यावर तरंगत जातात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने झुडूप पसरतं. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यांवर आहे ते.

भारंगीची भाजी खाणाऱ्यांसाठी: हे तिच्या नात्यातलंच. पण ही खायची नाही.

वसईची वेणी | १५ मे, रात्री ११:३५

क्षमा केली. पण फोटो टाका.

डब्बेवाली | १६ मे, सकाळी ६:५०

मी काल रात्री धागा वाचून झोपले आणि आज वॉकला जाताना गल्लीतल्या बंद पडलेल्या मिलच्या भिंतीकडे मुद्दाम पाहिलं. तिथली कोयनेल कोणी कापत नाही. भिंतीवरून पलीकडे लोंबतेय, आणि हो, फुलं आहेत! मे महिन्यात! थोडीच आहेत, पण आहेत. इतकी वर्षं त्या भिंतीवरून जातेय. पुंकेसर मांजराच्या मिशांसारखे.

मुळाक्षर | १६ मे, सकाळी ७:२०

खाडीकाठ यांनी माझं काम केलं. लोकलमध्ये हेच नाव आठवत होतो, पण माझ्याही डोक्यात ते कुंपणाच्या खात्यात होतं.

एक इशारा. न कापता सोडली की ही सरळ उभी राहत नाही. फांद्या कमानीसारख्या वाकतात, माणसाच्या डोक्यावर जातात, जमिनीला टेकतील तिथे मुळं धरतात. सहा फुटांच्या पट्टीत दोन वर्षांत पंपरूमचं दार अडवेल. त्यामुळे छाटणी हवीच, फक्त वेळ बदला. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाशी, जोरदार. पावसात नवीन फांद्या फुटतील, पाऊस सरला की त्यांवर फुलं येतील. दिवाळीपासून होळीपर्यंत शेंड्यांना हात लावायचा नाही. दारावर येणारी एखादी फांदी मुळापासून काढायची, सगळ्यांना वरून सारखं करायचं नाही.

सातबारा | १६ मे, सकाळी ९:००

हे माळ्याला पटवून द्या म्हणजे जिंकलात. आमचा माळी झुडूप दिसलं की डबा करतो. गोल किंवा चौकोनी, तिसरा आकार त्याला मंजूर नाही.

पागोळी | १६ मे, दुपारी १२:४०

सगळ्यांचे मनापासून आभार! आता कामाचे प्रश्न. रोपं आणायची की फांद्या? किती अंतरावर? मातीचं काय करायचं? आणि डासांचं? डेंग्यूच्या भीतीने सगळे "झाडी नको" म्हणतात.

खाडीकाठ | १६ मे, दुपारी २:१५

फांद्या. कुठल्याही कुंपणाची छाटणी चालली असेल तिथून मागून घ्या, कोणी नाही म्हणणार नाही. पेन्सिलीएवढ्या जाड, अर्धवट पिकलेल्या, वीतभर लांब. खालची पानं काढायची, दोन-तीन डोळे मातीत जातील असं तिरकं खोचायचं. जूनचा पाऊस नीट सुरू झाला की लावा, आत्ताच्या उन्हात नको. आधीच रोपं हवी असतील तर नर्सरीत 'इनर्मी' म्हणून मागा, कोयनेल म्हटलं तर काही ठिकाणी तोंडाकडे बघतात. अंतर दीड-दोन फूट. कुंपण करायचं नाहीये, त्यामुळे दाटी नको. एका ओळीत सात-आठ पुरेत.

पहिल्या पावसाळ्यात कोवळ्या फांद्या पूर्ण बुडाल्या तर त्या कुजू शकतात. जोर असतो तो मुळं धरलेल्या झुडपाचा, ताज्या फांदीचा नाही. म्हणून वीतभर उंचीचा वरंबा करा आणि त्यावर लावा.

मुळाक्षर | १६ मे, दुपारी ३:००

मातीबद्दल: वरची हातभर माती उकरा आणि डेब्रिज वेचून काढा. त्याच जागी नुसती लाल माती भरू नका, ती पावसात दबून बसते. जुन्या मातीतच ओल्या कचऱ्याचं खत मिसळा. सोसायटीत ओला कचरा वेगळा होतच असेल. एक्झोरा तिथून हलवा. कुंडीत, चुन्यापासून दूर, तो सुधारेल.

शोषखड्ड्याचा विचार कोणी मांडला तर सांगा की तुमच्याकडे तो फारसा चालणार नाही. खाडीलगत पावसाळ्यात जमिनीखालचं पाणीच वर आलेलं असतं. खड्डा खणला की तो खालूनच भरतो, वरचं पाणी शोषणार कुठून?

डास: अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. तुमचं पाणी दोन दिवसांत ओसरतं, म्हणजे त्या पट्टीत डास तयार होत नाहीत. ते होतात पंपरूमच्या छपरावरच्या टायरमध्ये, ड्रमात, कुंडीखालच्या ताटलीत. मीटिंगमध्ये हे सांगाच. आधी छपरावर चढून बघा मात्र.

टपोरी मोगरा | १६ मे, दुपारी ३:३०

पालिकेची माणसं आमच्याकडे आली होती तेव्हा फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या निघाल्या. झाडांमध्ये शून्य.

गोराई जेट्टी | १६ मे, सायंकाळी ६:०५

मारांडीचं मागे घेतो. पण पागोळी, पट्टी पंपरूमच्या मागे म्हणता, म्हणजे पंपरूमची सावली कुठेतरी पडत असेलच. तिथे पाइपचं गळकं पाणीही असणार, कुठल्या पंपरूमला नसतं?

पागोळी | १६ मे, सायंकाळी ६:३०

आहे! उत्तरेकडचा कोपरा, साधारण तीन फूट. पंपाच्या ग्लँडमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) थेंब थेंब पडत असतं, वर्षभर. प्लंबर म्हणतो तेवढं पडायलाच हवं.

वसईची वेणी | १६ मे, सायंकाळी ६:३३

सोनटक्का!!! तीन फूट पुष्कळ झाले. कंद मी देते. मीटिंगच्या आदल्या दिवशी बोरिवली स्टेशनला भेटू.

मुळाक्षर | १६ मे, सायंकाळी ७:१०

याला माझी हरकत नाही. सावली आणि रोजची ओल, बरोबर जागा आहे. फुलून गेलेले दांडे तळापासून कापा, नवीन कोंब येतात.

पागोळी | ८ जून, रात्री ९:५०

मीटिंग झाली. दीड तास चालली, त्यातले पाऊण तास पार्किंगवर गेले. शेवटी अर्धं अर्धं ठरलं. गेटकडच्या सहा फुटांत पेव्हर आणि एक बाइक (सेक्रेटरींची नाही, यावर मात्र एकमत झालं), भिंतीकडच्या सहा फुटांत कोयनेल आणि पंपाजवळ सोनटक्का. डासांचा मुद्दा मुळाक्षर यांनी सांगितला तसाच मांडला. छपरावर खरंच दोन टायर आणि एक तुटका कमोड निघाला, त्यामुळे समोरचे गप्प झाले. माळ्याला छाटणीचं वेळापत्रक लिहून दिलंय. त्याने वाचलं आणि विचारलं, "मग दिवाळीत सोसायटी चांगली कशी दिसणार?"

फांद्या शेजारच्या शाळेच्या कुंपणाच्या मिळाल्या. पाऊस अजून नाही, बादलीत ठेवल्यात.

खाडीकाठ | ८ जून, रात्री १०:२०

अभिनंदन! बादली सावलीत ठेवा, पाणी रोज बदला. फार दिवस ठेवू नका. पाऊस लांबला तर पिशव्यांत माती भरून खोचून टाका.

मुळाक्षर | ८ जून, रात्री १०:४१

एकच. पेव्हर बसवणारा माणूस उतार कुठे देतोय ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा. गेटकडे दिला तर पाणी बाइकखाली साचेल आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा झाडांवर येईल. उतार कोयनेलीकडे घ्या.

बोरकूट | ८ जून, रात्री १०:४४

आणि एक कर्दळ.